पाडव्याचा हललेला व्हिडिओ

लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायचं काम मी गेली बरीच वर्षं करते आहे. त्यातलं निम्मं काम हलणारं चित्र थांबवायचं. आमच्या कोल्हापुरात वरातीपुढे हलगी कडाडली की व्हिडिओ काढणाऱ्याचेही पाय जागेवर राहत नाहीत. मग नवरा, घोडा, करवल्या, सगळं गदागदा हलत माझ्याकडे येतं. मी काढणाऱ्याला शिव्या घालते, कधी मनात, कधी फोनवर, आणि कामाला लागते.

रीत सोपी आहे. चित्रातला एक ठिपका निवडायचा आणि त्याच्याभोवती बारकी चौकट ठेवायची. एका सेकंदाच्या व्हिडिओत पंचवीस-तीस चित्रं असतात. कॉम्प्युटर प्रत्येक चित्रात तो ठिपका हुडकतो आणि ठिपका डावीकडे जितका सरकला असेल तितकं अख्खं चित्र उजवीकडे ढकलतो. ठिपका जागच्या जागी राहतो आणि त्याच्याबरोबर बाकीचं सगळंही थांबतं. अट एकच, ठिपका जमिनीत रुतलेल्या वस्तूवरचा हवा. विजेचा खांब, भिंतीचा कोपरा, देवळाचा कळस, असं काहीतरी. लग्नात मात्र मी ही अट सर्रास मोडते. लोकांना मांडवाचा खांब स्थिर नको असतो, नवरी हवी असते. म्हणून मी चौकट नवरीच्या टिकलीवर ठेवते. नवरी थांबते, मांडव तिच्याभोवती डोलतो आणि आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

माझं सासर उचगावात, पण माहेर पंचगंगेकडे उतरणाऱ्या एका पेठेत, गवळ्याचं. वडिलांच्या सहा म्हशी. संध्याकाळी त्यातल्या दोन घेऊन ते दूध कट्ट्यावर उभे राहतात. गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्यादेखत धार काढायची आणि फेसाळ पेला हातात द्यायचा. माणसं म्हशीच्या अंगाला अंग लावून दूध पितात, लहान पोरं तिच्या शेपटीशी खेळतात. त्यामुळे कट्ट्यावरची म्हैस गरीब लागते. एकदा जरी तिचं नाव मारकी म्हणून झालं तरी तिच्या आसपास कुणी फिरकत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. अंगावरचे केस नक्षीनं भादरायचे, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, कपाळावर गोंडे आणि मधोमध आरसा बांधायचा. मग मालक आपल्या मोटरसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढतो आणि त्या फटफटाटामागे म्हैस सोडतो. दोरी नाही, काठी नाही. म्हैस मालकाच्या हाकेमागे धावते. वडिलांची थोरली म्हैस तर त्यांच्या गाडीच्या मागच्या दिव्याला नाक लावूनच पळायची.

त्या वर्षी मी हट्ट धरला की गाडीवर मागे उलटं बसून म्हशीचं तोंड समोरून टिपणार. तालमीचे वस्ताद, म्हणजे आमच्या पेठेतला शेवटचा शब्द, ऐकून भडकलेच.

"लेकीबाळीनं उलटं बसून फिरायचं व्हय भर पेठंत?"

"फिरणार की," मी म्हणाले. "मी म्हशीचं तोंड बघणार हाय, तुमचं न्हाई. तुमाला कशाला तरास?"

आजूबाजूचे हसले. वडीलही हसले आणि म्हणाले, "बस गं तू. मी हाय न्हवं चालवायला." मी एकुलती एक. माझा हट्ट त्यांनी मोडल्याचं मला आठवत नाही.

पेठेच्या वळणावर गर्दी दाटली होती. फटाके, हलगी, गाड्यांचा आवाज, कानात दुसरं काही शिरत नव्हतं. वडिलांच्या पाठीला पाठ लावून, मोबाइल उजव्या हातात धरून मी पडद्यावर बघत होते. म्हैस धापा टाकत मागून येत होती, आरसा लखलखत होता. मी एकदम खुशीत होते. "आण्णा, जरा कडंनं घ्या, उजेड चांगला पडतोय," मी ओरडले. वडिलांनी गाडी कडेला घेतली. एक गचका बसला. खड्डा असेल म्हणून मी हात सावरला. पुढच्याच क्षणाला पडद्याच्या उजव्या बाजूनं एक माणूस पडत पडत आत आला आणि म्हैस त्याच्या अंगावरून उडी घेऊन पुढे निघाली. बायका किंचाळल्या.

ते आमच्या समोरच्या घरातले काका होते. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. गर्दीत पुढे, रस्त्याकडे पाठ करून नातवाला हाक मारत उभे होते. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना रिक्षात घालेपर्यंत सगळ्या पेठेच्या तोंडी एकच वाक्य होतं, म्हशीनं पाडलं. मला कुणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. मीही तेवढंच पाहिलं होतं.

आमच्या पेठेची एक जुनी रीत आहे. पाडव्याला जी म्हैस माणूस पाडेल ती पेठेत ठेवायची नाही. मालकानं ती वडगावच्या बाजारात न्यायची आणि परत आणायची नाही. मारक्या म्हशीला बाजारात कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे आमच्या घरात कुणी तोंडानं उच्चारत नाही. वस्तादांनी निरोप धाडला, उद्या भाऊबीजेला दुपारी तीन वाजता तालमीत बसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी नीट जेवलं नाही. मला भाऊ नाही, त्यामुळे ओवाळण्याचीही गडबड नव्हती. आई चहाचा कप माझ्यापुढे आपटत म्हणाली, "तुझ्या त्या व्हिडिओत असंल की खरं काय ते. बघ की."

"बघितला रात्री. नुसता हलतोय. काय कळत न्हाई त्यात."

"मग थांबव. लोकांचं थांबवतीस, बापाचं थांबवायला काय धाड भरली?"

वडील दारातून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हललाय म्हनती न्हवं ती? ऱ्हाऊ दे." आणि गोठ्यात निघून गेले. मला वाटलं, त्यांनी आताच हाय खाल्ली. माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉप उघडला. कामापुरता तो मी माहेरीही बरोबर ठेवते. अकरा वाजत आले होते.

पुढचा एक तास मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. घाईत हात सवयीनं चालतात. मी म्हशीचा चेहरा मोठा केला आणि चौकट नेमकी तिच्या कपाळावरच्या आरशावर ठेवली. चमकणारा, ठळक, गोल ठिपका होता तो. कॉम्प्युटरनं तो एकदाही हातचा जाऊ दिला नाही. व्हिडिओ चालवला तर म्हैस पडद्याच्या मधोमध फोटोसारखी उभी, आणि रस्ता, घरं, माणसं तिच्या अंगावर धावून येताहेत. तेवढ्यात उजवीकडून काका आले. त्यांचा पांढरा सदरा सरळ म्हशीच्या शिंगाला जाऊन भिडला आणि ते कोसळले.

मी ते पाच वेळा बघितलं. पाची वेळा शिंग लागलं.  आई पाठीमागे उभी राहून विचारत होती, "दिसलं काय? दिसलं काय गं?" मी तिच्यावर खेकसले, "थांब की जरा! जा तू, चकल्या तळ जा." ती गेली, पण उंबऱ्याशीच उभी राहिली.

आता वडिलांना काय सांगायचं, याच विचारात मी खिडकीतून गोठ्याकडे बघत होते. ते म्हशीच्या शिंगांचा रंग रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होते. म्हैस मान हलवत होती, त्यांच्या हाताबरोबर इकडून तिकडे. तिच्या कपाळावर आता आरसा नव्हता. आणि मला एकदम कळलं की मी काय मूर्खपणा केलाय. पळणाऱ्या म्हशीला मी कॉम्प्युटरला जमिनीत रुतलेला खांब म्हणून सांगितलं होतं. म्हैस उभी राहिली म्हटल्यावर तिचं पळणं दुसऱ्या कुणाला तरी करावंच लागणार होतं, ते रस्त्यानं आणि काकांनी केलं. वीस नवऱ्या मी अशाच थांबवल्या होत्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी दोन ठिपके घेतले. लांबवर मारुतीच्या देवळाचा कळस आणि विजेच्या खांबावरची लाल पाटी. गाडी पुढे जाते तशा या वस्तू मागे बारीक होत जातात, म्हणून एका ठिपक्यानं भागत नाही. दोन ठिपक्यांमधलं अंतर किती कमी होतंय हे बघून कॉम्प्युटर चित्राचं मापही सांभाळतो. फटाक्यांच्या धुरानं कळस दोनदा झाकला गेला. तिथं मी एकेक चित्र पुढे सरकवत चौकट हातानं बसवली. साडेबारा झाले. मानेला रग लागली होती.

रस्ता थांबला. घरं, खांब, गतिरोधकावरचे पांढरे पट्टे, सगळं आपापल्या जागी ठाम. त्या थांबलेल्या रस्त्यावरून म्हैस पळत येताना दिसली. काका तिरपे होऊन पडायला लागले त्या चित्रावर मी थांबले. म्हशीचे पुढचे दोन्ही खूर पांढऱ्या पट्ट्यांच्या पलीकडे होते. काका पट्ट्यांच्या अलीकडे, चांगले दोन हात. शिंग त्यांच्या सदऱ्याला भिडल्यासारखं दिसत होतं ते ती त्यांच्या बरोबर मागे होती म्हणून. तिनं त्यांना पाडलं नव्हतं. पडलेल्या माणसाला तुडवायचं टाळून ती उडी मारून गेली होती.

"आई!" मी ओरडले. "आण्णास्नी बोलव! म्हशीनं न्हाई पाडलं!"

आईनं व्हिडिओ बघितला आणि पदर डोळ्याला लावला. वडील ओल्या हातांनी आत आले. त्यांनी एकदा बघितलं, पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं. त्यांचा चेहरा मात्र उजळला नाही. त्यांनी विचारलं, "मग कुणी पाडलं, ते दिसतंय काय त्यात?"

"न्हाई. ते दिसत न्हाई."

"बरं," म्हणाले आणि परत गोठ्यात गेले.

त्यांच्या प्रश्नानं मला टोचणी लागली. माणूस उगीच तिरपा होत नाही. मी व्हिडिओ मागे नेला. चित्र थांबवताना कॉम्प्युटर ते इकडेतिकडे ढकलत असतो, त्यामुळे कडेला जिथं चित्र पुरत नाही तिथं काळी पट्टी उमटते. लग्नाच्या व्हिडिओत मी चित्र थोडं मोठं करते, की पट्ट्या पडद्याबाहेर जातात. गिऱ्हाइकाला काळं दाखवायचं नसतं. इथं मी अजून चित्र मोठं केलं नव्हतं. सगळीकडे बारीक पट्ट्या थरथरत होत्या. आणि काका दिसायच्या आधी तीन-चार चित्रं, उजव्या बाजूनं भलीमोठी काळी पट्टी एकदम आत घुसली होती.

ठिपका कुठून कुठे गेला याची एक रेघही कॉम्प्युटर काढून ठेवतो. मी ती उघडली. गाडीच्या हादऱ्यांनी ती सगळीकडे बारीक दातेरी झाली होती, वरखाली, वरखाली. त्या एकाच जागी ती ताडकन आडवी उडाली होती. खड्ड्यात गाडी वरखाली होते, मोबाइल बाजूला फिरत नाही. मोबाइल बाजूला फिरवायला त्याला धरलेल्या हातावर काहीतरी आदळावं लागतं.

मी बाही वर केली. कोपराच्या बाहेरच्या अंगाला काळंनिळं पडलं होतं. सकाळी अंघोळीला पाणी लागलं तेव्हा ठणकलं होतं, मला वाटलं गाडीच्या कॅरिअरवर आपटलं असेल. उलटं बसून, कोपर बाहेर काढून, गाडी कडेला घ्यायला लावून मीच त्या म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर धडक दिली होती. त्यांचा खुबा मोडला तो मी. आणि कालपासून सगळी पेठ एका मुक्या जनावराच्या नावानं बोंब मारत होती.

 मग मी जे केलं तेही सांगते. मी चित्र मोठं केलं. काळी पट्टी पडद्याबाहेर गेली, गचका नाहीसा झाला. स्वच्छ, थांबलेला व्हिडिओ तयार झाला. त्यात म्हैस लांब आहे आणि काका आपले आपण पडतात. मी स्वतःला सांगितलं, हे तर मी रोजच करते. म्हैस सुटली म्हणजे झालं. माझं नाव कशाला? वस्ताद म्हणतील, सांगितलं नव्हतं काय, लेकीबाळीनं बसू नये म्हणून? त्यांना तोंड वर करून बोलायची संधी द्यायची नव्हती मला. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

तीन वाजता तालमीत गेलो. आखाड्याच्या बाजूच्या खोलीत टीव्ही आहे, त्याला मी लॅपटॉप जोडला. आठ-दहा जाणती माणसं होती, काकांचा मुलगा होता, वस्ताद खुर्चीवर. बाईमाणूस मी एकटीच. वडील भिंतीला टेकून उभे राहिले.

व्हिडिओ संपला. मी खूर दाखवले, पट्टे दाखवले, मधलं अंतर दाखवलं.  मग वस्ताद पुढे झुकले.

"हे गाडीवरनं काढलंयस न्हवं तू? मग रस्ता थांबलाय कसा?"

"मी थांबवलाय. कॉम्प्युटरवर."

"आमच्या पोरीच्या लग्नात नवऱ्याचा मामा पिऊन आडवा झालता. तो तू व्हिडिओतनं पुसलास. पुसलास का न्हाई?"

"पुसला. तुमीच सांगितलंत."

"मी सांगितलं म्हणून तू माणूस पुसलास. आज बापानं सांगितलं तर म्हस हलवायला काय लागतंय तुला?"

चार-दोघे हसले.  त्यांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. काकांचा मुलगा उठून उभा राहिला.  "ह्यात आमचे बाबा आपल्याआपण पडल्यागत दिसत्यात. प्यालते व्हय ते? सत्तरीचा माणूस, कधी थेंब तोंडाला लावला न्हाई, आणि तुमी त्येलाच खोटं पाडताय?"

"बस," वस्ताद म्हणाले. "मी इचारतो. मग पाडलं कुणी? वाऱ्यानं?"

मी लॅपटॉपची वायर उगीच घट्ट करत राहिले.  पेठेत भांडण लागलं तर ज्यांचा आवाज चौथ्या गल्लीत ऐकू जातो ते माझे वडील खाली मान घालून फरशीकडे बघत होते.

"झालं तर मग," वस्ताद म्हणाले. "कट्ट्यावर ती म्हस उभी करायची न्हाई. ह्या आठवड्याच्या बाजाराला वडगावला न्यायची. गाडी तालमीची देतो. काय म्हणतोस?"

वडील म्हणाले, "बरं."

एवढंच. वाद नाही, शपथ नाही, एक शिवीसुद्धा नाही. जिला त्यांनी रेडकू असल्यापासून हातानं भरवलं, तिच्यासाठी त्यांच्या तोंडून एवढाच शब्द आला.  मला वस्तादांचा राग आला, वडिलांचा आला, आणि मग कळलं की हा राग दुसऱ्या कुणाचा नाही, माझा माझ्यावरचाच आहे.

"थांबा," मी म्हणाले. "दुसरा व्हिडिओ हाय. ह्याला मी हात लावलेला न्हाई. मोबाइलमधनं निघाला तसाच हाय."

हललेला व्हिडिओ लावला. टीव्हीवर पेठ थडथड उडत होती. नीट काही दिसत नव्हतं. एकानं तर डोळे चोळले. गचक्यापाशी मी थांबवलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेले. 

"ह्या चित्रात काका अजून दिसत न्हाईत. म्हस पट्ट्यांच्या मागं हाय, बगा. आता हे पुढचं. मोबाइल एकदम फिरला. अजून काका न्हाईत, म्हस तितंच. आणि आता काका आले, पडत. आधी मोबाइलला धक्का बसला, मग काका दिसले, मग म्हस आली." मी बाही वर केली. "मोबाइल ह्या हातात हुता. माझा कोपर काकांच्या खांद्याला लागला. गाडी कडंला घ्या म्हणून मीच आण्णांना म्हणलो. म्हशीनं न्हाई पाडलं, आण्णांनी न्हाई पाडलं. मी पाडलं."

आमच्याकडच्या मुली 'मी गेलो, मी म्हणलो' असंच बोलतात. एरवी मी चारचौघांत जरा पुस्तकी बोलायचा प्रयत्न करते. त्या दिवशी ते भान राहिलं नाही.

कुणी म्हणालं नाही की कॉम्प्युटरवर काहीही करता येतं. वस्तादांनी ती चार चित्रं पुन्हा दाखवायला लावली, दोनदा. काकांच्या मुलानं माझ्या कोपराकडे बघितलं, मग टीव्हीकडे, आणि खाली बसला. बसूनच तो म्हणाला, "बाबा कालपासनं सांगाय लागल्यात, म्हस न्हवती म्हणून. आमीच म्हणलो, तुमाला भान न्हवतं." 

"म्हस ऱ्हाईल," वस्ताद म्हणाले. "हितनं फुडं पाडव्याला गाडीवर मागं कुणी बसायचं न्हाई. बाई न्हाई, बाप्या न्हाई." माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "आणि तू आता दवाखान्यात जा."

दवाखान्यात काकांच्या पायाला वजन लावलेलं होतं. मी पायाशी उभी राहून सगळं सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. ते छताकडे बघत ऐकत होते.

"मी सांगत हुतो ह्या लोकास्नी," ते म्हणाले. "म्हस जवळ आली की आदी वास येतोय. मला आदी दणका बसला, वास मागनं आला. पर म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय?" मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "एसटीत काचंखाली लिवलेलं असतंय, हात बाहेर काढू नका म्हणून. वाचता येत न्हाई व्हय तुला?"

"येतंय, काका."

"मग काय उपयोग झाला?" त्यांनी डोळे मिटून घेतले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पुढे ते काठी घेऊन चालायला लागले, पण रस्ता ओलांडताना अजून कुणाचा तरी हात धरतात. माझा धरत नाहीत.

घरी आले तेव्हा धारेची वेळ टळून गेली होती. वडील गोठ्यात थोरल्या म्हशीपुढे आंबोणाची पाटी ठेवत होते. कट्ट्यावर जायची तयारी चालली होती. मी दारात उभी राहिले. तालमीतलं त्यांचं ते खाली मान घालून 'बरं' म्हणणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"आण्णा, गाडीला झटका बसला तो तुमाला कळला न्हवता काय?"

"हँडल माझ्या हातात हुतं," ते म्हणाले. "मागं माणूस नुसता हलला तरी कळतंय."

"म्हणजे कालपासनं ठावं हुतं तुमाला?"

 ते म्हशीच्या पाठीवरचा वैरणीचा कचरा झटकत राहिले. माझा आवाज चढला, रडण्यानं चढला. "मग बोलला का न्हाई तितं? मी गप बसलो असतो तर? ती गेली असती की वडगावला!"

"गेली असती," वडील म्हणाले. त्यांनी कासंडी उचलली, म्हशीच्या पोटाशी उकिडवे बसले आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलले, "मग काय, लेकीचं नाव मी घ्यायचं व्हय चारचौघांत?"